सुईच्या भोकातलं घर

मारेद : चित्रात कुत्रा आलाय. किटली आलीय. भिंतीवरचं घड्याळ आलंय. आणि हा माझा नवरा तर असा आलाय, की मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. पण मी कुठंय, लोवरी?

लोवरी : मावशी, हे बघा... चुलीपाशी जरासं धुकं दिसतंय ना? ते तुम्ही.

मारेद : धुकं!

इवॉर : टेबलापाशीही थोडं आहे. दारातही आहे. घरभर आहेस की गं तू!

मारेद : तू गप्प राहा, इवॉर. एका जागी बसून राहायचं एवढंच तुला जमतं, म्हणून तू आलास. लग्न झाल्यापासून हे घर मी ओढतेय आणि चित्रात कोण? कुत्रा!

लोवरी : मी म्हटलं होतं ना, मावशी, हा कॅमेरा म्हणजे नुसता बिस्किटांचा डबा. काच नाही, बटण नाही. सुईच्या भोकातून उजेड झिरपत झिरपत आत जातो आणि कागदावर बसतो. जे हललं ते गेलं. एक अख्खं प्रवचन होईल इतका वेळ बसावं लागतं.

मारेद : बसलेच होते की. मध्ये फक्त चुलीत लाकडं सारली, अंडी आणली, ह्याला चहा दिला. आणि पोस्टमन दारात आला, त्याला काय मनुक्यांचा पाव न देता परत धाडू?

लोवरी : मग बसलात कधी?

इवॉर : चहा ओतताना जरा वाकली होती.

मारेद : हस, हस! रविवारी सुगीची उपासना. चॅपलच्या मागच्या खोलीत ही लोवरी गावातल्या सगळ्या घरांची चित्रं टांगणार. तुझी बहीण ब्लोद्वेन चष्मा पुसून पुसून बघणार आणि चारचौघांत म्हणणार, "इवॉर बिचारा! एकटाच राहतो की काय?" माझ्या घरात मीच नाही, हे मला नाही सोसायचं. लोवरी, परत लाव तो डबा.

लोवरी : त्यासाठीच तर आलेय. पण कागद एकच उरलाय हं, आणि उजेडही उतरत चाललाय.

मारेद : बसते. दगडासारखी बसते. हे बघ, बसले. झालं?

लोवरी : अजून झाकण काढलं नाही, मावशी.

मारेद : मग काढ की! ...ती वरची बशी वाकडी आहे का गं?

लोवरी : उठलात!

मारेद : उठले कुठं? सरळ केली फक्त.

इवॉर : बाहेर मेंढ्यांची दोरी आहे, लोवरी. आणू?

लोवरी : काका! मावशी, आयुष्यात कुठंतरी न हलता बसत असालच ना?

मारेद : चॅपलमध्ये. प्रवचन चालू असताना छप्पर कोसळलं तरी उठायचं नाही. आईनं चिमटे काढून शिकवलंय. पण आता कसलं आलंय प्रवचन! नवे पाद्री कागद वाचतात, जसे काही लोकरीचे भाव. पूर्वी आपला पाद्री नसला की हा इवॉर चढायचा व्यासपीठाच्या पायऱ्या. साधं बोलत बोलत सुरात कधी शिरायचा, कळायचं नाही. देव आपल्याच बाकावर सरकून बसलाय असं वाटायचं.

लोवरी : अहो काका, मग आत्ता म्हणा की!

इवॉर : मी? छे, घसा गंजला. आणि बसून सूर लागत नाही मला. हरवलेल्या मेंढराचं प्रवचन म्हणजे मेंढपाळाबरोबर डोंगर चढावा लागतो. हात लागतात, पाय लागतात.

लोवरी : फिरलात तर मात्र चित्रात नसाल तुम्ही.

इवॉर : तेच म्हणतोय ना! पोस्टात सगळ्यांना सांगून बसलोय, की मी फार भारदस्त आलोय म्हणून.

मारेद : राहू दे, लोवरी. ह्याची मिशीच लाव भिंतीवर. मी काय, धुकं तर धुकं.

इवॉर : मारेद.

मारेद : काय?

इवॉर : ये, माझ्या खुर्चीत बस.

मारेद : तुझ्या? त्यात तर कुत्र्यालाही बसू देत नाहीस.

इवॉर : बस म्हणतो ना. लोवरी, काढ झाकण! ...प्रिय बंधूंनो, भगिनींनो! रात्र पडली होती. सारी मेंढरं वाड्यात आली होती. सारी? नाही हो, नाही! एक नव्हतं! कुठं गेलं? त्या कड्यावर? नाही! त्या ओढ्यापाशी? नाही! मेंढपाळ निघाला, बंधूंनो. मागं किटली उतू चालली, जाऊ दे! दारात ब्लोद्वेन आली, उभी राहू दे! एक नव्हतं हो, एक नव्हतं...

(किटलीचं पाणी चुलीवर चरचरतं. मारेदच्या पायाचा अंगठा तेवढा हलतो. पण आता सूर लागला आहे, आणि सूर लागल्यावर उठायचं नसतं.)

(प्रवचन संपल्यावर तिघं अंधाऱ्या कोठीत शिरतात.)

लोवरी : कोठीचं दार घट्ट लावा, काका. उजेडाची तिरीपही नको, हा तांबडा दिवा पुरे. आता कागद औषधाच्या पाण्यात सोडते. बघा हं. उलटं येईल, पांढरं ते काळं. उद्या सुलट करीन.

इवॉर : घड्याळ आलं... खुर्ची आली... आणि तू! अगं, नाकासकट तू!

मारेद : आणि तू कुठंयस?

लोवरी : सगळीकडं थोडे थोडे.

इवॉर : आता ब्लोद्वेन म्हणेल, मारेद बिचारी, विधवा झाली.

मारेद : काहीतरीच बोलू नकोस. ...लोवरी, हे माझ्या मांडीवर काय आहे गं?

लोवरी : तुमचे हात, मावशी.

मारेद : माझे? थांब, कागद इतक्यात बाहेर काढू नकोस. त्यांना नुसतं बसलेलं मी कधी पाहिलंच नाही.