दसऱ्याचं ऑइल

(पाली. दुपार उतरलेली. रशीदच्या गॅरेजसमोर बंद पडलेली पिकअप. गाडीपाशी रशीद, गाडीचा मालक विनीत आणि त्याचे वडील महिपत.)

रशीद: हात घालू नका आत, काका. धार आहे त्याला.

महिपत: मला बघू दे तरी.

रशीद: बघा की. विनीत, मोबाईलची बॅटरी मार इकडे. हां. दिसतंय भोक? हा इंजिनचा ब्लॉक. नि हा वाकडा होऊन बाहेर आलाय तो आतला रॉड. ब्लॉक फोडून आलाय.

महिपत: वेल्डिंग मार मग.

रशीद: कशाला मारू? आत क्रँक खलास, बेअरिंगचा चुरा. खालचं चेंबर खोललं तर तेल नाय पडलं, डांबर पडलं. हे बघा बोटावर. चमचमतंय ना? ते सगळं लोखंड आहे, काका.

महिपत: अलोऱ्याला नोकरीत होतो तेव्हा आमच्या जीपचा ब्लॉक तडकला होता. वेल्डिंग मारलंन नि पुढं किती वर्षं हाकली मी ती. धरणावर साहेब लोकांना घेऊन.

रशीद: ती तडकली होती. ही फुटलीय.

विनीत: बाबा, तो सकाळपासून तेच सांगतोय. तुम्ही फिरून फिरून वेल्डिंगवर येताय.

महिपत: तू गप ऱ्हा. चढावात ऑइलचा दिवा लागला तेव्हाच गाडी बंद का नाय केलीस?

विनीत: दिवा आज लागला काय? श्रावणापासून लागतोय. मी ओटीवर येऊन तुम्हाला सांगितलं होतं. बाबा, ऑइलचा दिवा लुकलुकतोय, बदलून टाकू. काय म्हणालात तुम्ही?

महिपत: आता उकरून काय करायचाय ता?

विनीत: नाही, सांगा ना. रशीदभाईला पण कळू दे.

महिपत: दसऱ्याला बदलू म्हटलं. तुझ्या आवशीचं वर्ष होऊन जाऊ दे, मग.

रशीद: वर्ष झालं का काकींचं?

विनीत: परवा झालं. नि दसरा चार दिवसांवर. आज आमचं इंजिन गेलं.

रशीद: या अल्ला.

महिपत: चार दिवस. चार दिवस काढले असतेन तिनं तर काय बिघडत होतं?

रशीद: गाडीला काय कॅलेंडर कळतंय, काका? आमच्या भावाच्या, खुर्शीदच्या बोटीचं बघा. ईद असू दे, मौत असू दे, इंजिनचे तास भरले की तेल बदललंच. दर्यात बंद पडलं तर धक्का मारायला कोण येणार? मासे?

महिपत: आमचं पण चुकत नव्हतं कधी. तुला ठाऊक हाय.

रशीद: मला नाय ठाऊक तर कोणाला? दरसाल दसऱ्याला माझं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. गाडीला हार, बॉनेटवर हळद-कुंकू, नि पुढच्या सीटवर काकी, मांडीवर ऑइलचा कॅन घेऊन. नातू मांडीवर घ्यावा तसा. मी जुनं तेल सोडायचो, फिल्टर लावायचो, मग काकी उतरायच्या. पहिलं तेल त्यांच्या हातचं. थोडं ओतलं की म्हणायच्या, आता ओत रे बाबा तुझं तू, माझे हात भरून आले.

महिपत: अलोऱ्यापासनं चालू होता ता. दसऱ्याला यार्डात सगळ्या गाड्या उभ्या करायच्या, तेल बदलायचं, मग पूजा. ती कॉलनीतनं बघायला यायची. एकदा म्हणाली, मी ओतू काय? साहेब हसला, म्हणाला, ओता वहिनी. त्या साली ती जीप एकदा पण बंद पडली नाय.

विनीत: ठीक आहे. दसऱ्याला एकदा, शिमग्याला एकदा. आमच्या गाडीच्या धावण्याला ते बरोबर बसायचं. मग आई गेली. घरात दुखवटा. दसरा नाही म्हणून ऑइल नाही. शिमग्याला पालखी घेतली नाही म्हणून ऑइल नाही. गाडी मात्र रोज धावतेय. तिला कुठला दुखवटा?

रशीद: शिमगा झाल्यावर क्लच प्लेट टाकली ना मी, तेव्हा ऑइलची पट्टी काढून बघितली होती. काळं मिट्ट. मी काकांना बोललो, गाडी वर घेतलेलीच आहे, सोडू काय जुनं? केवढ्यांदा ओरडलात तुम्ही! हात लावू नको म्हणून. मी म्हटलं, यांच्यात पाळतात, आपण कशाला मध्ये पडा.

महिपत: ओरडलो असेन.

विनीत: नि मी वरचेवर घालत होतो ना. पट्टीला कमी दिसलं की घाल थोडं.

रशीद: वर घालणं म्हणजे बदलणं नव्हे रे राजा. वडेवाल्याची कढई बघितलीस ना? रोज वरून ओततो, खाली काळं ते काळंच. तुझ्या गाडीला पाहिजे पंधरा-चाळीस ग्रेडचं, कॅनमधलं. तू काय घालत होतास?

विनीत: सुट्टं.

रशीद: सुट्टं म्हणजे कसलं? किती ग्रेडचं?

विनीत: हिरव्या बॅरलमधलं.

रशीद: घ्या. हिरव्या बॅरलमधलं! लुगडं घेताना पण माणूस याच्यापेक्षा जास्त विचारतो.

विनीत: मग काय करणार होतो? चांगला कॅन घरात होता. मागच्या दसऱ्यासाठी मीच आणलेला, आई असताना. तो फोडायचा नाही. वर्षभर पडवीत पडून आहे, सील पण तुटलेलं नाही. तुमची सून दर्शना त्यावर कपड्यांची टोपली ठेवते.

रशीद: घरात चांगलं तेल, नि गाडी त्याच्यावाचून मेली. काय बोलायचं आता?

विनीत: बोलायचं काय, बैल गेला नि झोपा केला. थांबा, फोन आला. हां, सर्वेशशेठ... नाही हो, नाही होत ती दुरुस्त... नाही, उद्या पण नाही... लावा तुम्ही दुसरा टेम्पो. माल किती दिवस पडून राहणार... नाही नाही, मी कशाला रागावू... हां. ठेवतो.

महिपत: कोण? किराणावाला शेठ?

विनीत: दुसरा टेम्पो लावला त्याने. सकाळीच लावला होता, मला आत्ता सांगितलं.

महिपत: त्याला सांग, आठ दिवस कळ काढ. रशीद, कोल्हापुरात जुनी इंजिनं मिळतात ना रे? अख्खी?

रशीद: मी काय बसून होतो काय, काका? दोघातिघांना फोन केले. एकाकडे आहे ते या मॉडेलला बसत नाय. दुसऱ्याचं बसतं, पण ती गाडी पुरात बुडालेली. खोटं सांगून तुम्हाला गळ्यात बांधू काय?

महिपत: मुंबईला बघ. कुर्ल्याला काय वाट्टेल ता मिळतं.

विनीत: बाबा, नको.

महिपत: नको काय? माझी पेन्शन हाय. दोन वेळची पेज खाऊ.

विनीत: पेन्शन तुमच्या गोळ्यांना पुरत नाही. इंजिन नको आता. मी स्वरूपला फोन केला.

महिपत: कोण स्वरूप?

विनीत: दर्शनाचा भाऊ. भिवंडीला गोडाऊनमध्ये आहे तो.

महिपत: कधी केलास फोन?

विनीत: मघाशी. तुम्ही चहा पीत होतात तेव्हा. तो म्हणाला, लोक घेतायत, सोमवारी हजर हो. उशीर केलास तर जागा जाईल.

रशीद: मी जरा स्पॅनर धुऊन येतो. तुम्ही बोला.

महिपत: तू थांब रे. तुझ्यापासनं काय लपवायचाय? तू काय परका हायस? विनीत, सोमवारी म्हंजे दसऱ्याच्या आधी?

विनीत: आदल्या दिवशी.

महिपत: दसरा करून जा.

विनीत: जागा नाही राहणार, बाबा.

महिपत: नि दर्शना?

विनीत: ती पण येतेय. तिला विचारलं, ती म्हणाली चला. एका शब्दाने नको म्हणाली नाही. तेच मला जास्त लागलं. चार वर्षांपूर्वी मुंबई सोडताना हीच म्हणायची, गावाला नको, मला तिथं करमायचं नाही. मी तिला शब्द दिला होता, गाडी आहे, आपण राहू. राहिली ती. तुमच्या शेतात राबली, आईचं शेवटचं सगळं केलं तिने.

महिपत: केलंन. मी नाय कुठं म्हणतो?

विनीत: मे महिन्यात ती तुम्हाला काय म्हणाली होती? बाबा, सण नको तर नको, पण गाडीचं तेल बदलू या. आईंच्या जागी मी ओतते. आठवतं?

महिपत: आठवतंय.

विनीत: तुम्ही ताटावरून उठलात. भात तसाच टाकून. ती मागीलदारी भांडी घासत रडत होती. मला म्हणाली, मी काय त्यांची जागा घ्यायला निघाले होते?

महिपत: मला नाय सांगितलंस ता.

विनीत: काय सांगू? तुमच्यापुढं बोलायची सोय होती वर्षभर?

रशीद: जाऊ दे विनीत. ते म्हातारं माणूस. त्यांना काय कळलं असेल, तेल नाय बदललं तर एवढं होईल म्हणून.

महिपत: मला कळत होता.

रशीद: काय?

महिपत: मला कळत होता, रशीद. उभी हयात गाडी हाकली मी. मला कळणार नाय? हा संध्याकाळी वळणावर आला की ओटीवर बसून मला इंजिन ऐकायला यायचं. आवाज बदलला होता. कोरडा झाला होता. खडखडायची ती. मी ऐकत बसायचो.

विनीत: ऐकत बसायचात? नि मला सांगत होतात दसरा येतोय?

महिपत: व्हय.

विनीत: का पण? दुखवट्यात तेल बदलू नये असं कुठं लिहिलंय? गुरवाला मी विचारलं होतं. तो म्हणाला, पूजा करू नका, तेलाचं काय त्यात.

महिपत: दुखवट्याचा काय संबंध नाय.

विनीत: मग?

महिपत: ती जायच्या आदल्या शिमग्याला तिनं ओतलेलं तेल होतं ता. शेवटचं. गाडीत होतं ना ता. तू गाडी घेऊन जायचास, यायचास, तेव्हा मला वाटायचं ती पण गेली नि आली. आता ता सोडायचं. कशात? रशीदच्या त्या कापलेल्या डब्यात. मग तो डबा कुठं ओततात ता मला ठाऊक हाय. नाय झालं माझ्याच्यानं.

रशीद: काका...

महिपत: दुखवट्याचं नाव घेतलं की कोण पुढं विचारत नाय. म्हणून ता नाव घेतलं. दर्शना बरोबर बोलत होती. मी तिच्यावर रागावलो नव्हतो रे. ती ओतणार म्हंजे आधीचं सोडावं लागणार. मला घास गिळेना म्हणून उठलो.

विनीत: मला सांगायचं होतंत.

महिपत: तू काय केलं असतंस?

विनीत: माहीत नाही. बाटलीत काढून ठेवलं असतं थोडं. काहीतरी केलं असतं. आणि मी मूर्ख, त्याच्यातच हिरव्या बॅरलमधलं ओतत होतो.

महिपत: ता पण मला ठाऊक होता. तरी म्हटलं, त्यात तिचं असेल थोडं.

विनीत: बाबा, मला जायचं नाहीये. खरंच नाही. पुन्हा त्या खोलीत, पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली. पण इथं राहू कशावर? तुम्ही सांगा. तुम्ही राहा म्हणालात तर मी राहतो. पण कशावर ते सांगा.

महिपत: काय सांगू?

विनीत: तुम्ही चला आमच्याबरोबर.

महिपत: नि घर? गुरं? नाय रे. मी आलो तर तिथं कुठं बसू, तुमच्या पायात?

विनीत: एकटे राहाल?

महिपत: राहीन. शेजारची सखू देईल भाकरी. तुझ्या आवशीनं तिला खूप घातलंन हाय.

रशीद: मी पण येत जाईन अधनंमधनं. मोटारसायकलला काय, दहा मिनिटांचा रस्ता.

महिपत: ये. येशील तू. पण तू तरी किती दिवस येशील?

रशीद: विनीत, गाडीचं काय करू? भंगारवाला येतो मंगळवारी. मागचा हौदा चांगला आहे, टायर आहेत. बाकी वजनावर जाईल.

विनीत: मंगळवारी दसरा ना?

रशीद: हां. मी त्याला बुधवारी बोलावतो.

विनीत: नको. मंगळवारीच येऊ दे. मी काय इथं नाही.

रशीद: नि हे चेंबरमधलं? डब्यात आहे अजून. काका, ठेवू बाजूला?

महिपत: ओतून टाक.

रशीद: बघा हं. थोडं बाटलीत...

महिपत: तिचं काय उरलंय त्यात? माझ्या पोराचं इंजिन हाय त्यात, चुरा झालेलं. ओत ता.

विनीत: बाबा, बसा इथं बाकावर.

महिपत: दर्शनाला सांग, मी तिच्यावर रागावलो नव्हतो म्हणून.

विनीत: घरी जाताय ना, तुम्हीच सांगा.

महिपत: मला जमेल काय ता? तिच्या तोंडाकडं बघवणार नाय माझ्याच्यानं.

रशीद: तुमच्या कोंडवाडीची एसटी वळली बघा नाक्यावरून. विनीत, हात दाखव, इथंच थांबवतो तो.

विनीत: चला बाबा. उठा. माझा हात धरा.

महिपत: जाऊ दे ही. बसू थोडा वेळ. मागची घेऊ.

विनीत: मागून दुसरी नाही, बाबा.