उरलेली एक

…आणि वर हॉस्पिटलवाले मलाच विचारतात, "वजन एवढं कसं वाढलं?" अहो, द्यायची आहे मला, मागायची नाहीये. तुम्हाला सांगते, धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या बसल्या, बस चालवणारा धडधाकट माणूस, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, जिना चढला की धापा टाकतोय… मी थोरली, शिवणकाम करते, म्हटलं माझी एक घ्या, विषय संपला. संपतोय कुठला! रक्त काढलं, परत काढलं, हृदय बघितलं, छाती बघितली, मग हातात हा मोठा कॅन, आणि नर्स म्हणते कशी, "चोवीस तासांची लघवी यात, थेंबही वाया नको हं." आता दुकान काय बंद ठेवू? कॅन ठेवला मशीनखाली, तर गिऱ्हाईक वाकून विचारतंय, "ताई, तेल का हो?" म्हटलं हो, मशीनचं, हात लावू नका.

एवढं करून डॉक्टर काय म्हणाले? "आठ किलो कमी करा, मग बघू. तुम्हाला पुढे त्रास झालेला आम्हाला चालणार नाही." तिकडे भाऊ वाळत चाललाय, इकडे मी मैदानाला फेऱ्या मारतेय, आणि नवरा माझ्यासमोर बसून दुसऱ्यांदा वाढून घेतोय. द्यायची आहे हो मला, मागायची नाहीये… चार महिने गेले त्यात.

मग तिथल्याच समुपदेशक बाईंनी एकटीला आत बोलावलं, नवऱ्याला बाहेर बसवलं, दार लावलं. "घरच्यांनी गळ घातली का? ऑपरेशनच्या टेबलावर नको म्हणालात तरी चालेल. घरी एवढंच सांगू, की तुमची घेता येत नाही. कारण कुणाला कळणार नाही." मी तोंड उघडलं, अहो, द्यायची आहे मला… पन्नाशी आली माझी, लग्नापासून दुकानापर्यंत 'तुझी इच्छा आहे का' असं कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते थेट किडनीबद्दल! रडलेच मी. "भीती वाटते?" वाटते ना, टाके मी कापडाला घालते, स्वतःला नाही. "मग थांबायचं का?" म्हटलं नाही, भीतीही वाटते आणि द्यायचीही आहे, दोन्ही लिहा. त्यांनी दोन्ही लिहिलं.

झालं ऑपरेशन. शुद्धीवर येते तर माझ्या उशाशी कुणी नाही, सगळं खानदान भावाच्या लघवीच्या पिशवीभोवती. नवरा धावत आला, "अगं, दोन लिटर झाली!" डोळ्यांत पाणी त्याच्या. मग माझ्या लक्षात आलं, की माझ्याही डोळ्यांत आहे. नर्स तेवढी माझी नाडी धरून बसली होती, "तुम्ही पेशंट नव्हतात, आम्ही केलंय तुम्हाला. तेव्हा आधी तुम्ही."

आता भाऊ परत बसवर आहे, मला बघितलं की स्टॉप नसतानाही थांबवतो. आणि मला दरवर्षी तपासणी, जन्मभर. परवा डॉक्टर सोनोग्राफी बघून खूश, "तुमची उरलेली जरा मोठी झालीय हं, जवळजवळ दोघींचं काम एकटीच ओढतेय, कुरकुर नाही काही नाही."

म्हटलं, डॉक्टर, बाईची किडनी आहे ती, दुसरं करणार काय…