मांडीतली गाठ

मंगळवारी सकाळी अकरा वाजता महिपतच्या मांडीतल्या गाठीचा रिपोर्ट आला. दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले, त्याला दोन आठवडे होत होते. आदिलाबादच्या दवाखान्यात, नंबर लागायची वाट पाहत बसलेल्या पद्मिनीच्या मागच्या बाकावर महिपत थोरल्या बहिणीला, बेल्याच्या बयनाबाईंना, तो रिपोर्ट समजावत होता. बयनाबाई पंचक्रोशीतली मोडलेली हाडं बसवत. त्या अनोळखी भावाबहिणीचं बोलणं कानावर पडलं, तसा पद्मिनीने वाचायला घेतलेला पेपर मांडीवर ठेवला.

“दिसते हाडाच्या कॅन्सरसारखं, पण हाडात नाही म्हणे, अक्का. मांसातच हाडावानी बनून राह्यलं.”

“मी पयल्याच दिवशी सांगतलं होतं, हाड साबूत हाय.”

“सांगतलं. अन् मंग तीन महिने तेल लावून चोळलं.”

“तूच म्हणे, बरं वाटते.”

“वाटत होतं ना.”

“चोळल्यानं वाढली का रे?”

“तसं नाही म्हणाले. उशीर झाला म्हणे.”

“कोणं चोळलं, इचारलं असन.”

“मुधोळचा एक म्हातारा, असं सांगतलं.”

“खोटं काऊन बोलला?”

“आमचं मुधोळ गेलं निर्मल जिल्ह्यात, तुझं बेला राह्यलं इथंच. त्या म्हाताऱ्याले धुंडाले इथून कोण जाते?”

“मस्करी नको करू. पाय राहीन का?”

“हाड चांगलं हाय, त राहू शकते म्हणे. छातीत गेलं नसलं त.”

“छातीत?”

“तिथं जाते म्हणे हे. सकाळी स्कॅन काढला.”

“दाखव मांडी.”

“हात नको लावू, अक्का.”

“नाही लावत. पाहतो फक्त.”

नर्सने महिपतचं नाव पुकारलं. छातीच्या स्कॅनचा रिपोर्ट गुरुवारी मिळेल, असं तिने सांगितलं.