साहेबाची लाल लिंबं

त्या भिवाला म्हणावं, करणी करायला मला काय रिकामा वेळ पडलाय? दगडू, तू तरी नीट ऐक. आपल्या बोरिवलीच्या नदीला बांध घालायचा, तर आधी पाणी किती जोरात वाहतं ते मोजायला लागतं, असं सरकारी साहेब म्हणाला. मोजणी नाय तर बांध नाय, आणि बांध नाय तर उन्हाळ्यात विहिरी कोरड्या.

मी वरच्या अंगाला पाण्यात लिंबं सोडायची, ती किती वेळात वाहत येतात ते बघायला साहेब खाली घड्याळ घेऊन उभा. लांबून दिसावीत म्हणून त्यानं लिंबांना लाल रंग फासला. त्यात नेमकी अमावस्या. मधे बायका धुणी धूत होत्या, त्या लाल लिंबं बघून धुणी टाकून काठावर पळाल्या.

भिवाची बायको माझ्यावर ओरडली, “उतारा टाकतोस होय रे?”

म्हटलं, “उतारा नाय गं, मोजणी आहे.”

“मग खाऊन दाखव.”

माझं डोकं फिरलं. उचललं एक लिंबू नि कचकन चावलं. इतकं आंबट, की डोळे पांढरे झाले, अंग थरथरलं, तोंड लालेलाल. बायकांनी हातच जोडले.

भिवाची बायको म्हणते, “देवा, आमची हरवलेली म्हैस कुठं गेली?”

मी खेकसलो, “खड्ड्यात गेली.”

आता ती खरंच खड्ड्यात सापडली. भिवा म्हणतो मीच करणी करून पाडली, बाकीचे नारळ घेऊन माझ्या दारात बसलेत, आणि मोजणी राहिली अर्धी. उद्या साहेब परत येतोय. लिंबं तू सोडायची.