माझ्या नावावरच्या चार गाड्या

—नाही नाही, बघा ना साहेब, लाजताय कशाला, पलंगाखाली वाका, मोरीत डोकावा, माळ्यावर चढायचं असेल तर स्टूल देते! चार गाड्या आहेत म्हणता ना माझ्या नावावर, मग असतीलच इथे कुठेतरी. एक पांढरी, दोन राखाडी आणि एक ती लाल, जिचा रंग कुणालाच आवडला नाही. दोन खोल्यांत मावतायत का बघा. नाही मावत? मग बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे बसा. तीन जिने चढून आलात, घामाघूम झालात. आमच्या सासूबाई दोन वर्षं झाली हे जिने उतरलेल्या नाहीत, गुडघे गेलेत दोन्ही — आतल्या खोलीत झोपल्यात, म्हणून हळू बोलते. म्हणजे हळू बोलायचं ठरवलं होतं, पण तुमचं ते पत्र आठवलं की आवाज चढतो माझा. नऊ वर्षं! नऊ वर्षं तुमच्या खात्याच्या स्वस्त घरांच्या यादीत नाव आहे माझं. नऊ वर्षांनी नंबर लागला, तोही तळमजल्याचा — आणि आठ दिवसांत पत्र, की अर्जदाराच्या नावे चार चारचाकी वाहनं असल्यामुळे अर्ज का फेटाळू नये. का फेटाळू नये! बसने जाते हो मी कामाला, बसने. पास दाखवू?

तर ऐका. मी शोरूममध्ये कामाला आहे, एकोणीस वर्षं झाली. विकत नाही मी, विकणारी पोरं वेगळी, टायवाली. मी डिलिव्हरीला. म्हणजे गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की गाडीवरची साटीनची चादर ओढायची, टाळ्या वाजवायच्या, किल्ली हातात द्यायची आणि सगळ्या कुटुंबाला गाडीपुढे उभं करून फोटो काढायचा. गिऱ्हाइकाची बायको नेहमी म्हणते, परत काढा, माझे डोळे मिटले. पूर्वी दिवसाला पाच-सहा चादरी ओढायचे, खांदा भरून यायचा, घरी येऊन शेक घ्यायचे. आता? आठवड्याला चार. महिन्याला नव्हे म्हणून बरं. ती चादर घडी घालून ठेवतो ना, तर घडीवर पिवळी रेघ उमटलीय तिच्या. आणि पेपरात काय येतं? विक्रमी विक्री! मागच्या वर्षीपेक्षा चौदा टक्के जास्त! कुठून आले हो चौदा टक्के? मी तर ओढली नाही त्यांची चादर.

कुठून आले ते सांगते ना. महिना संपायला दोन दिवस उरले की आमचा मॅनेजर केबिनमधून बाहेर येतो. टक्के म्हणतो आम्ही त्याला — दुसरं काही बोलतच नाही, आईचं ऑपरेशन कसं झालं विचारलं तर म्हणाला, ऐंशी टक्के बरी आहे. तर टक्के बाहेर येतो, फळ्यासमोर उभा राहतो आणि मोजतो. टार्गेट तीस, झाल्या सोळा. मग तो आमच्याकडे बघतो. नुसता बघतो. आणि आम्ही आपापली ओळखपत्रं काढून देतो. कॅशवरची मुलगी, स्पेअर पार्टवाला, सफाईवाल्या मावशी, मी. ज्याच्या त्याच्या नावावर गाडीची नोंदणी. नोंदणी झाली की ती विकली गेली, असं धरतात — मग ती जागेवरून इंचभर हलली नसली तरी. नंतर दोन-तीन महिन्यांनी तीच गाडी थोडीशी वापरलेली म्हणून स्वस्तात काढायची, खऱ्या गिऱ्हाइकाच्या नावावर करायची. माझ्या नावावर अशा सतरा येऊन गेल्या असतील. तेरा गेल्या. चार राहिल्या. या चार कुणी घेईना, झालं. मागच्या यार्डात भिंतीला लागून उभ्या आहेत, टायर बसलेत, सीटवरचं प्लास्टिक पिवळं पडलंय. मला गाडी चालवता येत नाही, तेही लिहा त्यात.

आणि वर तो टीव्हीवाला! दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी येतो बघा, चष्मेवाला, मागे हिरवे बाण वर चढत असतात, आणि हा हात चोळत सांगतो — गाड्या खपतायत म्हणजे लोकांच्या हातात पैसा आहे, पैसा आहे म्हणजे भरवसा आहे, अर्थव्यवस्थेची प्रकृती ठणठणीत. चार महिन्यांपूर्वी तर कहर केला त्याने. म्हणाला, स्त्रियांच्या नावावर होणाऱ्या गाड्यांत लक्षणीय वाढ झालेली दिसते, सर्वसामान्य स्त्री आता स्वतःच्या गाडीत बसू लागली आहे. सर्वसामान्य स्त्री! मी चहा ओतत होते. त्या महिन्यात मी दोन, कॅशवाली तीन, मावशी दोन. त्या मावशी बाथरूमच्या फरशा घासतात, साहेब. आणि आमच्या सासूबाई अगदी कौतुकाने बघतायत टीव्हीकडे, मला म्हणतात, 'बघ, बायका कुठल्या कुठे पोचल्या, आणि तू अजून बसच्या रांगेत.' मला शिसारी आली. खोटं नाही सांगत, कपातला चहा मोरीत ओतून दिला. कारण तो माणूस खोटं बोलत नव्हता ना! त्याच्या हातात कागद आला, कागदावर आकडा होता, त्याने वाचला. तो आकडा मी आहे, हे त्याला काय माहीत?

आणि बरं, आकडा नुसता कागदावर राहिला असता तरी चाललं असतं. पण कंपनी तोच आकडा वाचते आणि म्हणते, वा, खपतायत की, पाठवा आणखी. की आले ट्रेलर. एकेकात आठ गाड्या. यार्ड भरलं, मग शेजारचं मैदान भाड्याने घेतलं, तिथली खेळणारी पोरं हाकलली, तेही भरलं. टार्गेट तिसाचं चाळीस झालं. म्हणजे पुढच्या महिन्यात आणखी सह्या. म्हणजे आणखी मोठा आकडा. म्हणजे आणखी ट्रेलर. कुणीतरी मध्ये उभं राहून बास म्हणायला हवं होतं की नको? कोण म्हणणार? टक्के? त्याची काय टाप. तो बिचारा तर पहिल्या वेळी नकोच म्हणत होता, मीच त्याला —

काही नाही. पुढचं विचारा तुमचं.

बरं, बोललेच आहे तर ऐका. अकरा वर्षं झाली त्याला. टक्के नवीन आला होता, आधीच्या मॅनेजरला टार्गेट चुकलं म्हणून एका दिवसात काढलेलं. महिन्याची शेवटची संध्याकाळ, दोन गाड्या कमी पडत होत्या. मी चादरी ठेवायला मागच्या जिन्याकडे गेले तर हा पायरीवर बसलेला, टाय सैल, रडत होता. एवढा मोठा माणूस हो, नाक पुसायला रुमाल नव्हता त्याच्याकडे. मला दया आली. मी म्हटलं, साहेब, टाका की दोन्ही माझ्या नावावर, पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक मिळालं की बदलून घेऊ. तो म्हणाला, असं करतात का? म्हटलं, कोण बघायला येतंय. हे माझे शब्द. कोण बघायला येतंय. पुढच्या महिन्यात तो रडला नाही, सरळ फळ्यासमोर आला. आणि मला सीनियर केलं, छातीवर लावायला पट्टी दिली. लावतेय मी अजून ती पट्टी. काढून फेकावीशी वाटते, पण पिनेची भोकं पडलीत सगळ्या ब्लाउजांना.

तुम्ही म्हणाल, मग या चार का नाही बदलून घेतल्या. घेणार होते की! तुमचं पत्र आलं त्याच दिवशी टक्केसमोर जाऊन उभी राहिले. म्हणाला, गिऱ्हाईक नाही, कंपनीच्या नावावर परत घेता येत नाही, तुम्हाला एवढीच घाई असेल तर दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करा. दुसऱ्या कुणाच्या? गेले होते मी, खोटं कशाला बोलू — फॉर्म घेऊन मावशींकडे गेले होते. त्या फरशी पुसत होत्या. हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, 'कुठे सही करू ताई?' कसली म्हणून विचारलंसुद्धा नाही. माझी मलाच किळस आली. तशीच परत फिरले.

आणि एक सांगा, तुमचा हा कॉम्प्युटर बरोबर मलाच कसा हो पकडतो? मीच सापडले का? आमच्या वॉचमनकाकांच्या नावावर तीन आहेत, तीन, आणि त्यांची बायको आठवड्यातून दोनदा सरकारी दवाखान्यात मशीनवर रक्त शुद्ध करून घेते, फुकट, गरिबाचं कार्ड आहे त्यांचं — त्यांना नाही आलं पत्र! म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरलासुद्धा कळतं ना, की हा माणूस तीन गाड्यांचा मालक असणं शक्य नाही? मग माझ्या बाबतीत का नाही कळत? चौसष्ट वर्षांचा माणूस. सही करायला पाच मिनिटं लागतात, जीभ बाहेर काढून एकेक अक्षर काढतो. मला विचारलंही होतं त्यांनी, ताई, काही होणार नाही ना? मी म्हटलं, काका, माझ्या नावावर चार आहेत, मला काय झालं? माझ्या शब्दावर सही केली हो त्यांनी, टक्केच्या नाही, माझ्या —

काय लिहिताय?

नाही, आता काय लिहिलंत तुम्ही? दाखवा. 'शोरूममधील इतर कर्मचारी'... 'पहारेकरी, वाहने तीन, वैद्यकीय सवलत'... अहो, हे कशाला लिहिलंत? माझ्या घराची चौकशी करायला आलात ना तुम्ही? मी आपली बोलण्याच्या भरात बोलले. — नियम? कसला नियम? — सगळ्या शोरूमची चौकशी लागणार, बरं, लागू दे, टक्केला धरा, कंपनीला धरा, मला धरा. — आणि तोपर्यंत? सगळ्यांच्या सवलती स्थगित? म्हणजे बंदच ना? किती दिवस? — सहा महिने. साहेब, त्या बाईची एक वेळ चुकली की पाय सुजतात, दोन चुकल्या की श्वास लागतो. सहा महिने! तिला सहा आठवडे नाहीत. तुम्हाला आई आहे ना? — हो, माहितेय, तुमचा नाइलाज आहे. आमच्याकडेही सगळ्यांचा नाइलाजच असतो, महिन्याच्या शेवटी तर फारच.

झोपा हो सासूबाई, कुणी नाही, ऑफिसचे साहेब आलेत. — हो, घराचंच. — सांगते नंतर. — नंतर सांगते म्हटलं ना!

ऐकलंत? तळमजल्याला खिडकी रस्त्यावर उघडते का, विचारतायत. महिनाभर हेच चाललंय. मी उघडते म्हणून सांगून बसलेय.

बरं. साहेब, मला एक सांगा. मी आता जे बोलले ते मी सही केल्याशिवाय जबानी होत नाही ना? नाही होत. मग तो कागद द्या इकडे. द्या म्हणते ना. कोरा फॉर्म आहे ना तुमच्याकडे दुसरा? त्यात लिहा — अर्जदाराच्या नावे वाहने चार. वाहने अर्जदाराने स्वतः, स्वतःच्या हौसेने घेतली. — हो, हौसेने. बाईला हौस असू नये का? त्या चष्मेवाल्याला विचारा. — आणि मगाचं सगळं? वैतागलेली बाई तोंडाला येईल ते बोलली. शोरूममध्ये सगळं रीतसर चालतं, वॉचमनबिचमन मला काही माहीत नाही. लिहा. — मला कळतंय, साहेब. अर्ज फेटाळला जाईल, पुन्हा करता येणार नाही, सगळं कळतंय, तुम्ही नका असं तोंड करू. तो कागद सोडा हातातून. — हं. थँक्यू. फाडते मी, तुम्हाला नको त्रास.

आणि काकांच्या त्या तीन मी माझ्या नावावर करून घेणार. चाराच्या सात. आता माझी सवलत जायची राहिलीच नाही, मग चार काय नि सात काय? कागद तयार करणं माझंच काम आहे, त्यांची सही तेवढी घ्यायची, पाच मिनिटांची. टक्के नाही म्हणणार नाही — त्याचा आकडा कुठे हलतोय? आणि म्हणालाच, तर तो पायरीवर बसून रडला होता ते सगळ्या पोरांसमोर सांगेन.

कुठे करायची सही? इथे? झाली. आता उठा. उद्या तीस तारीख, टक्के आठलाच येऊन फळ्यासमोर उभा राहतो, मला त्याच्या आधी पोचायचंय. — नको, काही बोलू नका. जा तुम्ही.