संमतीपत्राचं अक्षर

घशाच्या दवाखान्यात बाकावर मास्तरांच्या शेजारी अनोळखी भाऊबहीण बसले होते. भावाचं ऑपरेशन होतं. नर्स त्यांच्या हातात संमतीपत्र देऊन गेली, तशी बहीण एकदम म्हणाली,

"दादा, अक्षर बघ. हा आपला फॉन्ट आहे!"

"कुठला?" भावाचा आवाज पार बसला होता.

"फॉर्मांसाठी केलेला रे. हा 'क' तू अकरा वेळा काढलास, विसरलास?"

"चौदा वेळा. तू पेटीवर सूर धरायचीस आणि मी गात गात दोन अक्षरांतली जागा लावायचो."

"आणि खालच्या काकू विचारायच्या, तुम्ही फॉन्ट करता की गाण्याचा क्लास घेता?"

"बरं, वाच आता."

"घरी जाऊन वाचू."

"छोटे, वाच."

"'शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचा आवाज...' दादा, हे सगळ्यांकडूनच लिहून घेतात."

"पुढे."

"'...कायमचा जाऊ शकतो.'"

"शनिवारच्या गाण्याच्या कार्यक्रमाचं आयोजकांना कळवून टाक."

"कळवलंय. मी नुसती पेटी वाजवीन म्हणाले."

"पेन दे."

"इतकं स्वच्छ कशाला काढलंस रे?"

"म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही वाचता यावं म्हणून."

मास्तरांनी हातातल्या कागदाची घडी केली. बायकोला आत नेलं तेव्हा नर्सने त्यांनाही तसलंच पत्र दिलं होतं. चष्मा घाईत घरीच राहिला होता. तरी शेवटच्या ओळीपर्यंत त्यांना सगळं वाचता आलं होतं.