उडी

वहिनी : त्यांनी उडी मारली कधी, वन्सं?

नणंद : आधी पाणी पी.

वहिनी : पाणी नको मला. पाच परीक्षकांसमोर तुम्ही माझ्या हातातला माइक ओढून घेतलात. म्हणालात, माझा दादा पाय घसरून नाही गेला, बुडणाऱ्या मुलीला वाचवायला त्यानं खाणीत उडी मारली. मी विचारतेय, कधी मारली?

नणंद : हळू बोल. पलीकडे ते आजीआजोबांचं गायनमंडळ बसलंय. आपल्यानंतर त्यांचाच नंबर. मधे भिंत कसली, नुसतं प्लायवुड आहे.

वहिनी : ऐकू देत. सगळ्या सभागृहानं ऐकलं, त्यांनीच काय घोडं मारलंय?

नणंद : बस ना जरा. त्या नाटकवाल्यांच्या कपड्यांवर नको, इकडे, ही खुर्ची घे.

वहिनी : अनुदानासाठी केलंत ना? खरं सांगा. माझं बोलणं पडत चाललं होतं, मलाही दिसत होतं. सगळे घड्याळाकडे बघत होते. तुम्हाला वाटलं, हिच्यानं काही होत नाही, आपणच तिखटमीठ लावावं. म्हणून माझ्या नवऱ्याला मेल्यावर शूरवीर केलंत.

नणंद : वहिनी, काय बोलतेस हे!

वहिनी : मग काय बोलू? त्या चष्मेवाल्या बाईंनी डोळे पुसले. तो कोपऱ्यातला, आपल्या पोहण्याच्या तलावाचा बंद पडलेला फिल्टर दाखवला तेव्हा जांभया देत होता, तो चक्क उठून उभा राहिला. टाळ्या पडल्या, वन्सं. खोट्याला टाळ्या!

नणंद : खोटं नाही ते.

वहिनी : अनुदान मलाही हवंय. फिल्टर बसला नाही तर ऐन उन्हाळ्यात तलावाला टाळं लागणार, आणि आपण फुकट शिकवतो ती वस्तीतली पोरं पुन्हा त्या खाणीत डुंबायला जाणार. त्या विचारानं डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या. पण म्हणून घरातलं मरण असं सजवून मांडायचं?

नणंद : खोटं नाही म्हटलं ना.

वहिनी : काय?

नणंद : बोलले ते सगळं खरं बोलले. आणि अनुदान माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं, देवाशप्पथ. त्या बाईंनी विचारलं, हे काम तुम्हीच का करता. तू नेहमीचं सुरू केलंस. नवरा बेफिकीर होता, पोहता येत नव्हतं तरी लेकराला काठावर सोडून खाणीच्या कडेशी गेला, पाय घसरला, संपलं. हे मी किती वेळा ऐकलंय. पोरांची नवी तुकडी आली की तू हेच सांगतेस आणि मी टॉवेलांच्या घड्या घालायला निघून जाते. आजही गेले असते. पण तो कोपऱ्यातला हसला, वहिनी. म्हणाला, म्हणजे चूक त्यांचीच म्हणायची. आणि तू हो म्हणालीस.

वहिनी : होती म्हणून हो म्हणाले.

नणंद : नव्हती गं! नव्हती. माझा सख्खा भाऊ होता तो. त्याच्यावर कोणी परक्यानं हसायचं आणि मी मांडीवर हात ठेवून बसायचं? तोंडातून निघून गेलं. मला आवरलं नाही.

वहिनी : पण तुम्हाला काय माहीत? तुम्ही घरी होतात. तुमची परीक्षा जवळ आली होती. सासूबाईंनीच सांगितलं होतं मला.

नणंद : मी घरी नव्हते.

वहिनी : घरी नव्हतात?

नणंद : दादाबरोबर होते. खाणीवर.

वहिनी : थांबा. मी त्या दिवशी दुकानातून धावत आले तेव्हा तुम्ही परसात नळाखाली होतात. डोक्यावरून पाणी ओतत होतात. मला वाटलं, धक्का बसलाय म्हणून…

नणंद : चिखल धूत होते. आईनं धुवायला लावलं, तू यायच्या आत.

वहिनी : देवा.

नणंद : खंड्या दाखवायला नेलं होतं त्यानं. खाणीच्या कपारीत घर केलं होतं त्या पक्ष्यानं. दादा मला बोटानं दाखवत होता, ती बघ निळी शेपटी, ती बघ. आणि मागे डुबुक् झालं. मोठा आवाज नाही काही. कोणी खडा टाकावा तेवढाच. दादानं वळून पाहिलं आणि गेलाच. चपलासुद्धा काढल्या नाहीत त्यानं.

वहिनी : चपला. मी तेव्हा सगळ्यांना विचारत होते, काठावरून पाय घसरला तर एक तरी चप्पल काठावर पडेल ना? सगळे म्हणाले, हिचं डोकं फिरलंय, नवरा गेला आणि ही चपला शोधतेय.

नणंद : मला ऐकवत नव्हतं तेव्हा.

वहिनी : कोण पडलं होतं पाण्यात?

नणंद : एक मुलगी. लहान होती.

वहिनी : कोणाची?

नणंद : ते नको विचारूस.

वहिनी : का नको? वस्तीतली होती? वाचली ना? मग तिच्या आईबापांना एकदा वाटलं नाही, येऊन भेटावं? दोन शब्द बोलावेत? आपलं लेकरू दुसऱ्याच्या जिवावर वाचलं आणि ही माणसं दारं लावून बसली? असली कसली आई ती!

नणंद : पुरे, वहिनी! पाया पडते तुझ्या, पुढे बोलू नकोस.

लेक : आई, आत्या, चला. परत बोलावलंय आपल्याला. एकच प्रश्न राहिलाय म्हणाले, पण मग गायनमंडळाला उशीर होईल म्हणून घाई करा म्हणतायत. मी लॅपटॉप तिथेच ठेवून आलेय… काय झालं? आई, चेहरा काय झालाय तुझा?

वहिनी : कसला प्रश्न?

लेक : आत गेल्यावर ऐक ना.

वहिनी : इथे सांग.

लेक : ती वाचलेली मुलगी आता कुठे आहे, असं विचारतायत. तिला त्यांच्या वार्षिक कार्यक्रमात आणता आलं, तिचा फोटो छापता आला, तर आपल्या अर्जाला जोर येईल म्हणाले.

वहिनी : मलाही तेच हवंय. ती कुठे आहे. तुझी आत्या सांगत नाहीये.

लेक : आत्या, तू अजून सांगितलंच नाहीस?

नणंद : तू… तुला काय माहीत? कोणी सांगितलं तुला?

लेक : कोणी कशाला सांगायला पाहिजे? मी होते ना तिथे.

वहिनी : तू काठावर होतीस.

लेक : आधी काठावर होते.

वहिनी : आधी म्हणजे?

लेक : आई, खाली बस. बस आधी. मीच आहे ती.

वहिनी : नाही.

लेक : आई.

वहिनी : नाही. तू काठावर रडत होतीस. तिथल्या मजुरांनी तुला उचलून आणलं. मला सगळ्यांनी तसंच… तुझे कपडे कोरडे होते! मी तुला घेतलं तेव्हा कोरडी होतीस तू!

नणंद : बदलले होते. आईनंच.

वहिनी : अगं आई गं.

नणंद : पण पोरी, तू चार वर्षांची होतीस! आई म्हणायची, एवढंसं पोर, विसरून जाईल. आम्हाला वाटलं तू विसरलीस.

लेक : सगळं नाही आठवत. हात आठवतो. इथे, काखेत. वर ढकललं मला. मग तू वेणीला धरून ओढलंस. किती दिवस दुखत होतं डोकं.

नणंद : दुसरं काही हाताला लागलंच नाही गं.

वहिनी : आणि हे तू माझ्यापासून लपवलंस. माझ्या ताटात जेवलीस, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस, तुझ्या लग्नात मी त्यांच्या जागी उभी राहिले, आणि तू गप्प बसलीस?

नणंद : आईनं गळ्याची शपथ घातली होती. अकरावीतली पोर मी, काय करणार होते? आई म्हणाली, सूनबाई दुःखानं वेडी झालीय. तिला कळलं तर ह्या लेकराकडे बघताना तिला नवराच बुडताना दिसेल. राग मेलेल्यावर राहू दे, तो सोसेल. लेकराला नाही सोसवणार. म्हणाली, पाय घसरला एवढंच सांगायचं. ते काही खोटं नाही. कोणाचा, तेवढं फक्त बदललं आम्ही.

वहिनी : मी माझ्या पोटच्या पोरीचा राग केला असता?

नणंद : मला नव्हतं कळत गं तेव्हा.

वहिनी : तू सांग, बाळा. केला असता मी?

लेक : माहीत नाही, आई.

वहिनी : मलाही नाही माहीत. बघ ना. ठामपणानं नाही म्हणता येत नाहीये मला.

लेक : नको आता तो विचार.

वहिनी : तुला पोहायला शिकवताना काय काय बोलले मी त्यांना. बापासारखी बेफिकीर होऊ नकोस. किती वेळा म्हणाले असेन?

लेक : श्वास चुकला की म्हणायचीस.

वहिनी : आणि तू ऐकून घ्यायचीस?

लेक : नाही. पाण्याखाली डोकं घालायचे. तिथे ऐकू येत नाही.

वहिनी : इकडे ये, बाळा. जवळ ये माझ्या.

लेक : आई, ते वाट बघतायत. मी जाते आणि सांगते, मीच ती. काढू देत फोटो. माझं काय जातंय? फिल्टर तरी येईल.

वहिनी : तू इथे बसायचंस. आत्यापाशी. मी जाते.

नणंद : वहिनी, तोंड तरी पुसून जा.

(निकाल लागल्यावर. तिघी रिकाम्या तलावाच्या पायऱ्यांवर बसल्या आहेत. बंद फिल्टरवर ताडपत्री घातलेली आहे.)

नणंद : आम्ही दोघी दाराला कान लावून उभ्या होतो. पण नेमका त्या आजीआजोबांनी सराव म्हणून सूर धरला. एक अक्षर ऐकू येईल तर शपथ. आता तरी सांग, काय बोललीस आत?

वहिनी : म्हटलं, ती मुलगी आहे. धडधाकट आहे, पट्टीची पोहते. तिचा फोटो मिळणार नाही.

लेक : मग?

वहिनी : त्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, आम्हाला तिची गोष्ट लोकांपर्यंत पोचवायची आहे. म्हटलं, पोरांची गोष्ट पोचवा, ती रोज सकाळी तलावाच्या फाटकाशी उभी असतात. आणि म्हटलं, मघाशी मी नवऱ्याबद्दल जे सांगितलं ते चुकीचं होतं. ते तेवढं तुमच्या टिपणातून काढून टाका.

नणंद : असं म्हणालीस?

वहिनी : त्या कोपऱ्यातल्याकडे बघूनच म्हणाले. त्यानं माझ्यासमोर खोडलं.

लेक : तरी मोठं अनुदान गायनमंडळालाच गेलं.

वहिनी : जाऊ दे. गातातही छान. आपल्याला फिल्टर मिळाला ना? दुसरा शिक्षक ठेवायला काही मिळालं नाही, म्हणजे तू आणि मी, दोघींनीच मरायचं अजून वर्षभर. मरायचं म्हणजे…

लेक : कळलं, आई.

नणंद : वहिनी, तुला माझा राग आलाय ना?

वहिनी : आलाय. राहील बरेच दिवस. पण उद्या टॉवेल धुवायचे आहेत, ते काही माझ्या रागानं धुतले जाणार नाहीत. ये वेळेवर.

नणंद : येते. मघाशी तू मला पहिल्यांदा अगंतुगं केलंस, माहितीये?

वहिनी : चिडले होते.

नणंद : राहू दे तसंच. मला बरं वाटलं. चल, मी पुढे होते. रिक्षा मिळतेय का बघते.

वहिनी : ऐक, बाळा. एक विचारू?

लेक : विचार ना.

वहिनी : शेवटी काही बोलले का ते?

लेक : पाण्यात कुठलं बोलणं, आई.

वहिनी : हो. तेही खरंच.

लेक : खाणीकडे जाताना बोलले होते. मी खांद्यावर होते त्यांच्या. म्हणाले, आपण खाणीवर आलो होतो हे आईला सांगायचं नाही हं, ओरडेल आपल्याला.

वहिनी : ओरडलेच असते मी.

लेक : म्हणून तर नाही सांगितलं.